मशीन शून्य दाखवतं, मग स्टिअरिंग का थरथरतं?

आमण्याला समृद्धीवर चढलो, काटा पंचाहत्तरच्या पुढे सरकला आणि कपहोल्डरमधल्या बाटलीत पाण्यावर बारीक वलयं उठायला लागली. ऐंशीला स्टिअरिंग हाताला मुंग्या आणायला लागलं. नव्वदला आतला आरसा इतका हलत होता की मागून येणारा एकच ट्रक दोन दिसत होता. शंभरला पुन्हा बरंचसं शांत. शेजारी बसलेल्या बायकोने आधी आरशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आधीच्या चाकांना काय झालं होतं रे?"

आधीच्या चाकांना काहीही झालं नव्हतं. माझ्या जिमनीला, म्हणजे मारुतीच्या छोट्या फोर-बाय-फोरला, मुळात १९५/८० आर १५ टायर येतात आणि रस्त्यावर छान चालतात. पण पावसाळ्यात मुरबाडच्या पुढे चिखलात दोनदा रुतलो, बरोबरच्या मंडळींनी टायरांवरून यथेच्छ चेष्टा केली, आणि दिवाळीत मी २१५/७५ आर १५ चे ऑल-टेरेन टायर आणि सोबत रुंद अलॉय घेऊन मोकळा झालो. दुकान ठाण्यातलंच. पुढच्या दोन महिन्यांत तीन वेळा बॅलन्सिंग झालं, एकदा अलाइनमेंट झाली, एकदा "नायट्रोजन भरून बघा" हाही सल्ला मिळाला. (नायट्रोजनचा आणि थरथरीचा काडीचाही संबंध नाही.) दर वेळी मशीनच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य. रिमच्या आत चिकटवलेली वजनं मात्र वाढत वाढत साडीच्या काठासारखी दिसायला लागली होती.

टायरवाला खोटं बोलत नव्हता आणि मशीनही बिघडलेलं नव्हतं. चाक मशीनवर एका मध्याभोवती फिरत होतं आणि गाडीवर दुसऱ्याच. मशीनने त्याच्या मध्याभोवतीचा हिशोब चोख केला होता. गाडीवर तो हिशोब लागूच नव्हता.

वजन वेगळं, मध्य वेगळा

वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की पिळताना मशीन बाथरूमभर चालायला लागतं. चाकाचं बॅलन्स बिघडणं म्हणजे तेच. टायर किंवा रिम कुठेतरी थोडं जड असतं, फिरताना ती जड बाजू चाकाला बाहेर ओढते. टायरवाला समोरच्या बाजूला तेवढंच वजन लावतो आणि ओढाताण मिटते.

ही ओढ केवढी असते, ते एकदा कागदावर मांडून बघितलं. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, म्हणजे परीघ २.२१ मीटर. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला दहा वेळा फिरतं. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर या वेगाला तो सव्वादोन किलो वजनाएवढ्या जोराने ओढतो. सेकंदाला दहा वेळा, कधी वर, कधी खाली, कधी पुढे, कधी मागे. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. म्हणूनच ताशी ४० ला हेच चाक अर्ध्या किलोच्या आसपास ओढतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग शंभरला शांत का झालं? चाक आणि एक्सल हे सगळं धूड स्प्रिंगवर आणि टायरच्या हवेवर झुलत असतं, आणि त्याला स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. झोपाळ्याला नेमक्या क्षणी बोट लावलं तरी तो उंच जातो, भलत्या क्षणी ढकललं तर उलट थांबतो. चाकाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की थरथर शिगेला पोहोचते, पुढे निघून गेल्या की ओसरते. त्यामुळे ७५ ते ११० च्या पट्ट्यात येऊन जाणारी थरथर दिसली की संशय आधी चाकांवरच घ्यावा.

आता दुसरी गोष्ट, मध्य. लहानपणी भोवरा खेळलेल्यांना आठवत असेल, आर जरा बाजूला ठोकली गेली की भोवरा कितीही सुबक असो, जाळीवरून सुटला की नुसता थयथयाट करतो. लाकूड घासून उपयोग नसतो, आर काढूनच ठोकावी लागते. चाक हबवर, म्हणजे एक्सलच्या टोकाला चाक ज्यावर बसतं त्या भागावर, एक मिलिमीटर बाजूला बसलं तर नेमकं हेच होतं. माझं एक चाक टायरसकट घरच्या वजनकाट्यावर चोवीस किलो भरलं. चोवीस किलो एक मिलिमीटर सरकलं, तर परिणाम रिमच्या कडेला सव्वाशे ग्रॅमचं वजन चिकटवल्याएवढा. ताशी ८० ला ही ओढ जवळजवळ दहा किलोची होते. शिवाय चाक फिरताना मध्यापासून रस्त्यापर्यंतचं अंतर दर फेरीत दोन मिलिमीटरने कमी-जास्त होतं, म्हणजे गाडी सेकंदाला दहा वेळा उचलली आणि टेकवली जाते. हे उचलणं-टेकवणं कितीही वजनं चिकटवली तरी थांबत नाही.

अलॉयचं भोक मोठं का असतं

रिमच्या मधोमध असलेलं मोठं भोक झाकण लावायला असतं, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. प्रत्यक्षात हबच्या तोंडाशी एक उंचवटा असतो आणि कंपनीच्या रिमचं भोक त्यावर नेमकं बसतं. चाक मध्यात आणायचं काम त्या उंचवट्याचं, आणि नटांचं काम फक्त ते दाबून धरायचं. याला हब-सेंट्रिक म्हणतात.

जिमनीच्या हबचा हा उंचवटा १०८ मिलिमीटरचा. नट पाच, आणि ते १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. हा विचित्र आकडा म्हणजे सरळ साडेपाच इंच, विलिज जीपच्या काळापासून चालत आलेला. बोलेरो, जुनी थार, जिप्सी, सगळ्यांचं नटांचं वर्तुळ हेच. पण वर्तुळ सारखं म्हणून हबचा उंचवटा सारखा असेलच असं नाही. अलॉय बनवणारा प्रत्येक गाडीसाठी वेगळा साचा कुठून करणार? तो नटांचं वर्तुळ साडेपाच इंची ठेवतो आणि मधलं भोक सगळ्यात जाड हबवरही चढेल इतकं मोठं पाडतो. माझ्या अलॉयचं भोक व्हर्नियर लावल्यावर ११०.१ भरलं. म्हणजे हब आणि रिम यांच्यात सगळीकडून एकेक मिलिमीटरची फट. चाक हबवर बसलेलंच नव्हतं, त्याच्याभोवती तरंगत होतं.

अशा रिमला मध्यात आणायची जबाबदारी नटांच्या निमुळत्या तोंडावर येते. याला म्हणतात लग-सेंट्रिक. इथे फोर-बाय-फोरवाल्यांत कायमचा वाद आहे. एक बाजू म्हणते, नट नीट आवळले तर निमुळतं तोंड चाकाला बरोबर मध्यात ओढतं, रिंगबिंग सगळी थेरं आहेत. तत्त्वतः ते खरं आहे. पण टायरच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी काय होतं ते उभं राहून बघा. पोरगा चोवीस किलोचं चाक उचलून हबवर टांगतो. चाक स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं, भोकाची वरची कड हबवर टेकते आणि सगळी फट खाली जाते. मग हाताला येईल तो नट लावून गन मारली जाते, टर्रर्र. त्या एका नटाने रिम हबच्या तोंडावर इतकी घट्ट आवळली जाते की बाकीचे चार नट तिला केसभरही हलवू शकत नाहीत. गाडी खाली, पैसे द्या, पुढची गाडी.

मशीनवर मात्र चाक मधल्या भोकात शंकू घालून धरतात. शंकू भोकाच्या मध्यात आपोआप जातो, म्हणजे मशीनवर चाक अगदी मध्याभोवती फिरतं. शून्य येणारच.

एटीएम कार्डाची चाचणी

एका रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकाचं मधलं झाकण काढलं. वॉचमन टॉर्च धरून उभा. मुदत संपलेलं एटीएम कार्ड कात्रीने बोटाएवढ्या पट्ट्यांत कापून आणलं होतं. कार्डाची जाडी जगभर ठरलेली असते, ०.७६ मिलिमीटर. फुकटात मिळणारं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी. पट्टी हब आणि रिम यांच्या फटीत वरून घालायला गेलो, शिरेना. खालून घातली, अलगद आत. दुसरी पट्टी तिच्यावर ठेवून घातली, तीही गेली. म्हणजे खाली दीड मिलिमीटर आणि वर पाऊणसुद्धा नाही. दुसऱ्या पुढच्या चाकाची तीच तऱ्हा. मागच्यांत एक बरं, एक वाईट.

त्याच रात्री पहिला उपाय केला, फुकटचा. गाडी जॅकवर घेऊन चाक हवेत ठेवलं आणि पाचही नट ढिले केले. मग चाक खालून पायाच्या चवड्याने किंचित उचलून धरत नट हाताने बसवले, एक सोडून पुढचा, म्हणजे चांदणी काढतो त्या क्रमाने. नंतर पान्याने त्याच क्रमाने थोडं-थोडं, तीन फेऱ्यांत. शेवटचा आवळा चाक जमिनीला टेकवून, टॉर्क रेंचने. जिमनीला १०० न्यूटन मीटर लागतात, म्हणजे फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण तेहतीस किलोचा भार. पान्यावर उभं राहून उड्या मारायची गरज नसते. तसं केलं तर बोल्ट ताणला जातो, ब्रेकची डिस्कही वाकडी बसू शकते आणि थरथरीला नवं कारण मिळतं.

सकाळी घोडबंदर रोडवर काही कळलं नाही, कारण घोडबंदर रोडवर ऐंशी गाठायला पहाटे चारला निघावं लागतं आणि तेव्हाही खड्डा आणि थरथर यातला फरक कळेल याची खात्री नाही. आमण्याला पुन्हा गेलो. अर्ध्याहून जास्त गेली होती.

वागळे इस्टेटमधली रिंग

उरलेल्या अर्ध्यासाठी फट भरायची होती. त्यासाठी स्पिगॉट रिंग नावाची साधी कडी मिळते, आतून हबच्या मापाची, बाहेरून रिमच्या भोकाच्या मापाची. बाजारात प्लॅस्टिकच्याही असतात, अॅल्युमिनियमच्याही. रिंग गाडीचा भार पेलत नाही, ती फक्त नट आवळले जाईपर्यंत चाकाला मध्यात धरते. त्यामुळे प्लॅस्टिकची चालते. पण माळशेज किंवा कसारा उतरताना ब्रेक तापतात, हब तापतो आणि स्वस्तातलं प्लॅस्टिक मऊ पडतं. मी अॅल्युमिनियमचीच ठरवली. माझ्या मापाची तयार मिळेना, म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो.

"काका, चार रिंगा हव्यात. आतून १०८, बाहेरून ११०.१."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे भिंत एक मिलिमीटरची. लेथच्या चकात धरली की दाबून लिंबासारखी होईल. आणि १०८ कुणी सांगितलं?"

"माहितीत दिलंय."

"माहितीत दिलं असेल रे. तुझ्या हबवर गंज किती आहे ते दिलंय का? गाडी घेऊन ये, रिम काढून आण."

त्यांचं बरोबर होतं. हबच्या उंचवट्यावर आणि तोंडावर तांबूस पापुद्रा धरला होता. खाडीकाठच्या हवेत दोन पावसाळे काढलेल्या गाडीला एवढं होतंच. हा पापुद्रा किंवा रिमच्या मागच्या तोंडावरचा रंगाचा ओघळ मध्ये राहिला तर चाक तिरकं बसतं आणि फिरताना डावी-उजवीकडे डुलतं. काकांनी तारेचा ब्रश हातात दिला, मी घासत बसलो, मग त्यांनी तीन ठिकाणी व्हर्नियर लावून माप घेतलं.

पातळ रिंग अंडाकार होऊ नये म्हणून त्यांनी जाड गोल बारवर आतलं आणि बाहेरचं माप एकाच पकडीत काढलं आणि अगदी शेवटी कडी कापून वेगळी केली. पकड बदलली की मध्य बदलतो, हा त्यांचा रोजचा धडा, आणि माझ्या दोन महिन्यांच्या दुखण्याचं मूळही नेमकं तेच होतं. रिंग हबवर बोटाच्या दाबाने सरकायला हवी, हातोडी लागता कामा नये आणि खुळखुळताही कामा नये. चार रिंगांचे त्यांनी जेवढे घेतले, त्याहून जास्त मी बॅलन्सिंगवर घालवले होते.

अॅल्युमिनियमची रिंग लोखंडी हबला चिकटून बसते, म्हणून तिला आतून कॉपर ग्रीसचा पुसट हात द्यायचा. नटांच्या आट्यांना आणि निमुळत्या तोंडाला मात्र ग्रीस लावायचं नाही. तिथे घर्षण कमी झालं की रेंच १०० दाखवत असताना बोल्टवर त्याहून बराच जास्त ताण येतो.

नटांचंच निघालं म्हणून सांगतो, नटाचं तोंड आणि रिममधली बैठक यांची जोडी जुळली पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक बाजारी अलॉयना साठ अंशांचं निमुळतं तोंड लागतं. होंडाचे नट गोलसर तोंडाचे असतात, टोयोटाच्या बऱ्याच अलॉयना सपाट वॉशरचे. नट आट्यांवर चढला म्हणजे तो बरोबर आहे असं नाही. गोल तोंडाचा नट निमुळत्या बैठकीत बारीक रेघेवर टेकतो, काही दिवसांत ढिला होतो, आणि मग प्रश्न फक्त थरथरीचा राहत नाही. नवी चाकं घातल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा रेंचने तपासायचे ते यासाठीच.

रिंगा बसवल्यावर चारही चाकं नव्याने बॅलन्स केली, जुनी सगळी वजनं काढून. या वेळी टायरवाल्याला एक विनंती केली, तुम्हीही करा. मशीनवर शून्य आलं की चाक ढिलं करायला सांगा, अर्धा वळसा फिरवून पुन्हा आवळा आणि परत फिरवा. शून्यच आलं तर ठीक. वीस-तीस ग्रॅम दाखवलं तर चाक मशीनवरच मध्यात बसत नाहीये, शंकू चुकीचा आहे किंवा झिजलेला. काही दुकानांत मधल्या भोकाऐवजी नटांच्या भोकांतून चाक धरणारी प्लेट असते. रिंग लावायची नसेल तर ती प्लेट असलेलं दुकान शोधा, मग मशीनही चाकाला गाडीसारखंच धरेल.

पण तुमचा रोग हाच असेल कशावरून?

माझा हा होता म्हणून तुमचा असेलच असं नाही. खर्च करण्याआधी गाडीलाच विचारून घ्यावं. सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे जुनी चाकं परत लावून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला जाऊन येणं. थरथर गेली तर दोष नव्या चाकांत, राहिली तर गाडीत. आश्चर्य म्हणजे हे कुणी करत नाही, कारण जुनी चाकं नवी घेतली त्याच दिवशी विकून टाकलेली असतात. महिनाभर तरी विकू नका.

जुनी चाकं नसतील तर मोकळ्या रस्त्यावर थरथरीच्या वेगाला गाडी न्यूट्रल करा. इंजिन सुरूच ठेवायचं, नाहीतर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील. थरथर तशीच राहिली तर चाकं. एक्सिलरेटर दाबल्यावर वाढत आणि सोडल्यावर बदलत असेल तर प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद एक्सलकडे नेणारा दांडा) आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, बघा. गाडी उंच करून घेतली असेल तर तिकडे आधी बघा, कारण लिफ्टने शाफ्टचे कोन बदलतात आणि शाफ्ट चाकांच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचा थरथराट बारीक, घूं-घूं करणारा असतो. ब्रेक मारल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर डिस्क. स्टिअरिंग हलतंय तर बहुधा पुढची चाकं, सीट हलतेय तर मागची. पुढची मागे आणि मागची पुढे घालून बघितलं की थरथर जागा बदलते का ते कळतं. ऑल-टेरेन किंवा मड टायरची चाळीस-पन्नासला येणारी गुणगुण हा दोष नाही, तो टायरवरच्या त्या जाड गठ्ठ्यांचा स्वभाव आहे.

अलाइनमेंटने थरथर जात नाही. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरके झिजतात. नवे टायर घातले की ती करून घ्यावीच, पण थरथरीवरचा इलाज म्हणून कुणी विकत असेल तर हात जोडावेत.

आणि सगळ्यात आधी, रिमच्या आत डोकावून बघा. कर्जतचा लाल चिखल रिमच्या आतल्या खोबणीत वाळून बसला की शंभर-दीडशे ग्रॅमचा ढेकूळ सहज होतो. ट्रेलवरून आल्यावर सोमवारी सकाळी अचानक थरथर सुरू झाली तर टायरवाल्याकडे धावायच्या आधी पाण्याचा पाइप घ्या. फक्त जोराच्या पाण्याने चिकटवलेली वजनंही उडतात, धुऊन झाल्यावर ती जागेवर आहेत का ते बघा.

टायरचे स्वतःचे खेळ

रिंगा, बॅलन्सिंग, सगळं झाल्यावरही पंचाण्णवला उजव्या हाताला एक पुसट धडधड उरली होती. ती एका टायरची होती. टायर रबराचे आणि तारांचे थर गुंडाळून बनतो, तो सगळीकडे सारखा ताठ नसतो. ताठ भाग रस्त्यावर आला की गाडी किंचित उचलली जाते. वजन सगळीकडे सारखं असूनही हे होतं, म्हणून साध्या बॅलन्सिंग मशीनला ते दिसत नाही. नव्या टायरवर कधी रंगाचे ठिपके दिसतात. पिवळा ठिपका म्हणजे सगळ्यात हलकी जागा, ती व्हॉल्व्हजवळ ठेवायची. लाल ठिपका म्हणजे सगळ्यात उंच-ताठ जागा, ती रिमच्या सगळ्यात बसक्या जागेशी जुळवायची. ठिपके पुसले गेले असतील तर ढोबळ युक्ती अशी, टायरची हवा काढून रिमवर अर्धा वळसा फिरवायचा आणि पुन्हा बॅलन्स करायचं. माझी धडधड त्याने गेली. नशीबही असेल थोडं.

टायर रिमवर नीट चढलाय का, ते बघायला काहीच लागत नाही. टायरच्या कडेला रिमला समांतर एक बारीक उंच रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. कुठे बुडालेली दिसली तर तिथे टायर पूर्ण बसलेला नाही.

पंक्चर होऊ नये म्हणून आत जेल घालून घेतलं असेल तर बॅलन्सिंगची आशाच सोडा. गाडी रात्रभर उभी राहिली की ते तळाशी साठतं, सकाळी चाक एका बाजूला जड. आणि चिखलात हवा कमी करून चालवणाऱ्यांसाठी एक खडूची रेघ: व्हॉल्व्हसमोर टायरवर ती ओढून ठेवा. कमी हवेत जोर लावला की टायर रिमवर सरकतो. रेघ व्हॉल्व्हपासून चार बोटं लांब गेली असेल तर तुमचं बॅलन्सिंग त्या चिखलातच राहिलं.

रिमला आऊट, म्हणजे वाकडेपणा, आहे का, तेही घरी कळतं. चाक हवेत घ्या, शेजारी विटांची चवड लावून तिच्यावर स्क्रूड्रायव्हर असा ठेवा की त्याचं टोक रिमच्या कडेला जेमतेम लागेल, आणि चाक हाताने फिरवा. फट कुठे वाढते, कुठे घासते ते डोळ्यांनी दिसतं. मिलिमीटरच्या आत असेल तर सोडून द्या. खड्ड्यात आपटलेल्या अलॉयची आतली कड वाकलेली असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून मोजायची आतलीच.

थरथर नव्हे, थैमान

एक प्रकार यापेक्षा वेगळा आहे आणि त्याची गल्लत करू नये. रस्त्यातल्या एखाद्या सांध्यावरून गाडी गेली आणि अचानक स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं डावं-उजवं आपटायला लागलं, आणि वेग खूप कमी केल्याशिवाय थांबलंच नाही, तर तो वॉबल. पुढे सरळसोट एक्सल असलेल्या गाड्यांत तो होतो. जिमनी, जिप्सी, जुन्या जीप याच जातीतल्या. नवी चाकं त्याला जन्म देत नाहीत, आधीपासून ढिल्या असलेल्या गोष्टी उघड्या पाडतात: आडव्या रॉडचे बुश, किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडची टोकं.

उघड्या का पडतात, ते ऑफसेटमध्ये आहे, म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य हबला टेकणाऱ्या तोंडापासून किती मिलिमीटर आत (अधिक) किंवा बाहेर (उणे) आहे त्यात. जिमनीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट अधिक ५. माझी सात इंची, उणे ५. त्यामुळे चाकाचा मध्य १० मिलिमीटर बाहेर गेला आणि बाहेरची कड तर २९ मिलिमीटर. चाक जितकं बाहेर, तितका रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याचा स्टिअरिंगवरचा तरफेचा जोर जास्त. तेवढाच धक्का, तेवढीच थरथर, पण हातापर्यंत मोठी होऊन पोहोचते. चाकं फेंडरच्या बाहेर आली की चिखल दरवाजांवर उडतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे पोलीस आणि विमावाले दोघेही प्रश्न विचारू शकतात, ते वेगळंच. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी मूळच्या जवळचा ऑफसेट घेईन, दिसायला जरा कमी रुबाबदार असला तरी. वॉबलवर जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉकअब्सॉर्बर) बसवून देणारे पुष्कळ आहेत. डॅम्परने आवाज दबतो, ढिला बुश ढिलाच राहतो.

काकांनी मला चारऐवजी पाच रिंगा दिल्या होत्या. "स्टेपनी कंपनीचीच आहे, तिला नको," मी म्हटलं. "राहू दे, एक हरवेल," ते म्हणाले. मागच्या महिन्यात टायर आलटूनपालटून घालायला गेलो. दुकानातल्या पोराने पुढचं चाक उतरवलं, हबला चिकटलेली रिंग स्क्रूड्रायव्हरने उचकटून हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "दादा, हा वॉशर कसला अडकलाय? टाकून देऊ?"